पहिली फेरी आण्णांची

पद्मजा मगदूमनं नव्या गाडीचा विमा एजंटाला बाजूला ठेवून थेट कंपनीकडून घेतला, यात नवल वाटावं असे दिवस आता राहिले नव्हते. सांगलीतल्या निम्म्या गाड्यांचा विमा असाच निघत होता. शोरूमच्या दारात गाडीत बसायचं, फोनची आणि गाडीची ओळख करून द्यायची, की ‘निर्धोक थेट विमा’ कंपनीचा बायकी आवाज डॅशबोर्डातून विचारायचा, “मालक कोण?” आपण नाव सांगायचं, संपलं काम. ना कुठे सही, ना मध्ये कुणी माणूस.

फक्त शेडबाळेकाकांचं तोंड तेवढं एवढंसं झालं.

बाबू शेडबाळे म्हणजे गावभागातले जुने विमा एजंट आणि पद्मजाच्या वडलांचे शाळेपासूनचे दोस्त. मगदूमांच्या घरात आलेल्या प्रत्येक चाकाचा विमा त्यांच्याच हातून निघालेला. रोज संध्याकाळी ते चहाला येत, आण्णांशी राजकारणावरून भांडत आणि जाताना उद्याच्या भांडणाचा विषय ठरवून जात. अशा माणसाला टाळणं पद्मजाला जड गेलं. पण हळद तपासायच्या प्रयोगशाळेत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. जे मोजता येतं त्याबाबत कुणाच्या शब्दावर विसंबायचं नाही, ही तिथली सवय अंगात मुरली होती, आणि या सवयीचा तिला थोडासा तोराही होता.

“काका, रागावू नका हं,” ती म्हणाली. “थेट घेतलं की मधले सगळे घोळ वाचतात.”

“राग कशाचा गं? तुझी गाडी, तुझा विमा.” काकांनी बशीत चहा ओतला. “फकस्त कुठं अडलं तर मला इचार. त्या बाईला नको.”

ती बाई म्हणजे गाडीतला आवाज. पद्मजा हसली. अडायचं काय त्यात?

गाडी घरी आणायच्या दिवशी शोरूमच्या फरशीवर नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. पहिली फेरी कुणी मारायची हा प्रश्न कुणाच्या डोक्यातसुद्धा आला नाही. तिचे वडील भूपाल मगदूम, म्हणजे आण्णा, एस.टी.चे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा गेला नव्हता. विनाअपघात सेवेचा बिल्ला ते अजूनही लग्नकार्यात कोटाला लावून जात. असा माणूस घरात असताना नव्या गाडीच्या स्टिअरिंगला आधी दुसऱ्याचा हात लागला असता तर भावकीनं नावं ठेवली असती.

आण्णांनी चपला काढल्या, स्टिअरिंगला नमस्कार केला आणि बसले. पद्मजा शेजारी बसली.

“नमस्कार पद्मजा,” आवाज म्हणाला. “या पहिल्या प्रवासात मी मालकाचा हात ओळखून घेणार आहे. नेहमीसारखी गाडी चालवा.”

“घे की बाई वळखून,” आण्णा म्हणाले. “समदे घाट वळखत्यात ह्या हाताला.”

पद्मजा पोट धरून हसली. कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन दर्शन घेऊन ती दोघं दुपारी जेवायला घरी आली. आण्णांनी गाडी इतकी सुरेख चालवली की मागच्या सीटवरच्या डब्यातला प्रसादाचा शिरासुद्धा हलला नाही.

आवाज हात ओळखून घेणार म्हणजे काय करणार, हे समजून घेण्यासारखं आहे. सरळ रस्त्यावर आपल्याला वाटतं, स्टिअरिंग आपण स्थिर धरलंय. प्रत्यक्षात हात सारखा केसभर इकडं, केसभर तिकडं करत असतो. रस्ता जरा कलतो, शेजारून ट्रक जातो, त्याचा वारा गाडीला ढकलतो. डोळ्याला ते दिसतं, मेंदू अंदाज बांधतो आणि आपल्या नकळत हात दुरुस्ती करतो. ही दुरुस्ती किती चटकन होते, केवढी होते, आधी डावा हात सरसावतो की उजवा, याची प्रत्येक माणसाची ढब वेगळी. स्टिअरिंगच्या कातड्याखाली काचेच्या बारीक तंतूंचं जाळं असतं, ते हा सगळा दाब टिपतं. पहिल्या प्रवासात ही ढब एकदा नोंदली, की तो हात मालकाचा. पुढं गाडीला न विचारता कळतं, आज मालक बसलाय की दुसरं कुणी.

कंपनीला यातून फक्त अपघाताचा अंदाज हवा होता. पण लाखो हात वर्षानुवर्षं टिपल्यावर तिच्या यंत्रांना भलतंच काही दिसू लागलं. हाताच्या दुरुस्त्यांमधून मेंदूची तब्येत कळत होती. कंपवाताचं उदाहरण घ्या. माणूस डॉक्टरकडं जातो ते हात थरथरायला लागल्यावर. तोवर मेंदूतल्या ज्या पेशी हालचाल सुरळीत ठेवतात, त्यातल्या कितीतरी मरून गेलेल्या असतात. स्टिअरिंगवरच्या दुरुस्त्या मात्र त्याच्या खूप आधी मंदावतात, लहान होतात, आणि बहुधा एकाच बाजूच्या. घरच्यांना, खुद्द त्या माणसाला काही जाणवत नाही, आणि गाडीला कळलेलं असतं.

यावरून देशभर गदारोळ झाला आणि कायदा आला. शरीराची माहिती ज्याचं शरीर त्यालाच सांगायची. नवऱ्याची बायकोला नाही, बापाची लेकीला नाही. आणि मालक सोडून दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर त्याच्या हाताची नोंदसुद्धा ठेवायची नाही. पद्मजाला हा कायदा अगदी योग्य वाटला होता.

पुढं वर्ष सरायच्या आत एका संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून बाहेर पडून गाडीत बसली, तर गाडी सुरू होण्याआधी आवाज आला.

“पद्मजा, गाडीत तुमच्याशिवाय कुणी आहे का?”

“नाही. का?”

“तुमच्या प्रकृतीविषयी सांगायचं आहे. तुमचा डावा हात गेल्या काही महिन्यांत दुरुस्त्या उशिरा करू लागला आहे. ही कंपवाताची सुरुवात असू शकते. मी डॉक्टर नाही. कृपया लवकरात लवकर तज्ज्ञांना दाखवा.”

पद्मजानं डावा हात डोळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता. अर्थात असलं काही ऐकल्यावर कुणाचा थरथरला नसता? पण तेव्हा तिला हे सुचलं नाही. चाळीसही न ओलांडलेली बाई, आई जाऊन तीन वर्षं झालेली, घरात आण्णांना दुसरं कुणी नाही. आपण अंथरुणाला खिळलो तर त्यांचं कोण बघणार, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात घोंघावत राहिला. घरी तिनं चकार शब्द काढला नाही.

मिरजेत मेंदूच्या विकारांची एक नावाजलेली डॉक्टर होती, तिच्याकडं पद्मजा एकटीच गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला बोटांवर बोटं आपटायला लावली, कागदावर गोगलगाईसारखी वेटोळी काढायला लावली, व्हरांड्यात चालवून बघितलं, लवंगेचा वास घ्यायला दिला. मग मेंदूची तपासणीही झाली. निकाल ऐकायला ती काही दिवसांनी पुन्हा गेली.

“तुम्हाला काहीही झालेलं नाही,” बाई म्हणाल्या. “गाडीनं सांगितलं म्हणता? माझ्याकडं अशी बरीच माणसं येतात, आणि गाडी सहसा चुकत नाही. पण तुमच्या बाबतीत चुकली. आणि झालं असतं तरी तुम्ही वेळेत आला होता. आता जे औषध निघालंय ते लवकर सुरू केलं तर आजार आहे तिथंच धरून ठेवता येतो. हात थरथरायला लागल्यावर आलेल्या माणसासाठी मात्र मला फार काही करता येत नाही.”

दुसरी कुणी असती तर देवापुढं नारळ ठेवून मोकळी झाली असती. पद्मजाही सुटल्यासारखी घरी आली, पण रात्रीचं जेवण होईतो तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. गाडी सहसा चुकत नाही. मग माझ्याच बाबतीत का चुकली?

प्रयोगशाळेत एखाद्या हळदीचा निकाल अगदीच विचित्र आला, तर ती यंत्राला दोष देण्याआधी एक गोष्ट बघायची. पुडीवर नाव ज्याचं आहे, आत हळद त्याचीच आहे ना? दहातल्या आठ वेळा तिथंच गडबड निघायची.

सकाळी ती गाडीत बसली आणि तिनं विचारलं, “काल मी गाडी कशी चालवली?”

“काल तुम्ही गाडी चालवली नाही, पद्मजा.”

काल ती स्वतः मिरजेला जाऊन आली होती. तिला गंमत वाटली, आणि ती सावरून बसली.

“मग कुणी चालवली?”

“अन्य चालकानं. त्यांच्याविषयी मी काही सांगू शकत नाही.”

“आणि परवा प्रयोगशाळेला जाताना स्टिअरिंगवर हात कुणाचा होता?”

“अन्य चालकाचा.”

“मी शेवटची गाडी कधी चालवली?”

“रविवारी सकाळी. कुंभोजपर्यंत आणि परत.”

रविवारी सकाळी ती घरी केस धूत होती. गाडी आण्णांनी नेली होती, दर रविवारी नेत तशी.

नारळ, लिंबं, काढून ठेवलेल्या चपला, “घे की बाई वळखून” हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. गाडीनं ओळखून घेतलेला हात आण्णांचा होता आणि त्यावर नाव लागलं होतं तिचं. कंपवात होता, गाडी अजिबात चुकली नव्हती, पुडीवरचं नाव तेवढं चुकलं होतं.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडचा तरुण अगदी अदबीनं बोलत होता. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“मॅडम, तुमच्या भागातून अशा खूप केसेस येतात. पहिल्या प्रवासाला मालक बसतच नाहीत. कुणी आजोबांना बसवतं, कुणी मामांना. जतच्या एकांनी तर भटजींना बसवलं होतं. एजंटकडून घेणाऱ्यांना एजंट आधी बजावून ठेवतात. थेट घेणाऱ्यांना आम्ही गाडीतून सांगतोच की, मालकाचा हात ओळखतोय म्हणून.”

“सांगता, पण ऐकणारे आम्ही असे.” पद्मजा स्वतःशीच चरफडली. “आता पुढं काय?”

“तुम्ही गाडीला सांगायचं, मुख्य चालक बदल. ती तुमचा हात नव्यानं नोंदवेल. न बदलता चालवत राहिलात आणि अपघात झाला, तर विमा मिळणार नाही.”

“आणि आधीच्या हाताची माहिती?”

“पुसली जाईल. ते मालक नाहीत ना. कायद्यानं आम्हाला ती ठेवता येत नाही.”

“पण त्यांना आजार आहे. त्यांना तुम्ही कळवणार का?”

“कुणाला मॅडम?” तो खरोखरच गोंधळला. “आमच्या दृष्टीनं ते कुणीच नाहीत.”

त्या दिवशी सांगली-मिरज रस्त्यावर पद्मजा पहिल्यांदाच इतर गाड्यांकडं निरखून बघत होती. प्रत्येक गाडीला आपल्या माणसाविषयी काय काय माहीत असेल? मालकाला सांगून झालं असेल, पण भावाची गाडी चालवणाऱ्याचं काय, साहेबांच्या ड्रायव्हरचं काय? त्यांचे हात गाडीला क्षणभर कळत असतील आणि लगेच पुसले जात असतील. आपल्याला कळलं ते केवळ चुकून. ज्या कायद्याला आपण मान डोलावली होती तो नीट पाळला गेला असता, तर आण्णांचं दुखणं हात थरथरायला लागेपर्यंत कुणालाच कळलं नसतं. कायदा चुकीचा आहे, असं तिला आताही म्हणवेना. पण बरोबर आहे असंही म्हणता येईना.

आणि सांगायचं कसं? आण्णांकडून स्टिअरिंग काढून घेतलं तर उरतं काय? बायको गेल्यावर हा माणूस सावरला तो रविवारच्या त्या एका फेरीच्या जोरावर, आधी जुन्या गाडीतून, आता या. आठवडाभर ते त्याच वाटेची तयारी करत. मनातून ती घाबरली होती, आणि घाबरली की ती करायची तेच तिनं केलं. चौकशी आणखी थोडी लांबवली. शेडबाळेकाकांचं घर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

काकांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं होतं, असं एका शब्दानं म्हणाले नाहीत.

“चालताना त्याचा डावा हात हलत न्हाई,” ते खाली बघून म्हणाले. “दिवाळीपासनं बघतोय मी. उजवा हलतोय, डावा नुसता लोंबतोय.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“काय बोलू? भूपाल, तुझा हात असा का लोंबतोय रं, असं इचारू? त्याला वाईट वाटलं आसतं.” काकांनी डोळे पुसले. “रोज भांडतोय त्याच्यासंगं. पर हे काय तोंडातनं निघंना बघ, पद्मा.”

पद्मजाला त्यांचा राग आला आणि त्याच दमात दयाही आली. गाडीला सांगायला कायद्यानं मनाई केलेली, काकांना भिडेनं. म्हणजे आता उरली एकटी तीच.

रविवारी सकाळी आण्णांनी गाडी पुसली, चपला काढून आत बसले. पद्मजा येऊन शेजारच्या सीटवर बसली.

“आज तूबी येतीस? झ्याक,” आण्णा खूश झाले.

“आण्णा, गाडी चालू करू नका. मला बोलायचंय.”

तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. आण्णांचा चेहरा लाल झाला.

“माझ्या हातात खोट हाय म्हणती ही गाडी? ह्या हातानं आंबा घाटात धुक्यात गाडी काढलीया! भरल्या गाडीत एक म्हातारी जागी झाली न्हाई. कालची आलेली ही बाई, हिला काय कळतंय?” त्यांनी दोन्ही हात पुढं धरले. “बघ. हलतंय का कुठं?”

हात हलत नव्हते. खरंच दगडासारखे स्थिर होते.

“अजून नाही हलत, म्हणूनच आत्ता जायचंय,” पद्मजा म्हणाली. “हलायला लागल्यावर उपयोग नाही. आणि तिचा अंदाज खरा असणार, आण्णा. तिनं फक्त माणूस चुकीचा धरला. पहिल्या दिवशी तुम्ही बसला होता ना, ती तुम्हालाच पद्मजा समजतेय. म्हणून तिनं मला सांगितलं, पद्मजा, तुम्हाला कंपवात होतोय.”

आण्णांचे पुढं केलेले हात हळूहळू मांडीवर आले.

“तुला सांगटलं? तुला हाय म्हणून?”

“हो.”

“मग?”

“मग मिरजेला जाऊन दाखवून आले. सगळ्या तपासण्या झाल्या. मला काही नाही.”

“एकटीच गेलतीस?”

पद्मजानं होकारार्थी मान हलवली.

“निकाल येईस्तोवर किती दीस गेलं?”

“आठवडाभर.”

“आन् त्या आठवड्यात मी तुला म्हणत हुतो, उप्पिटात मीठ न्हाई, ध्यान कुठं आसतंय तुझं.” आण्णांनी तोंड फिरवलं. बाहेर शेजारचं पोर सायकल शिकत होतं, तिकडं ते बघू लागले. मग एकदम म्हणाले, “बरं झालं.”

“काय बरं झालं?”

“माझाच हाय त्यो. तुझा न्हाई.”

इतके दिवस न रडलेली पद्मजा तेव्हा मात्र ढसाढसा रडली. आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डावा, आणि रडून होईपर्यंत काढला नाही.

“दवाखाना आज उघडा आसतोय का?” त्यांनी विचारलं.

“आज रविवार. उद्या सकाळी.”

“मग उद्या जाऊ. आज बाहुबलीला जायाचं ठरलंय ते काय मोडायचं न्हाई. ऊठ, हिकडं ये.”

ते उतरले आणि गाडीला वळसा घालून डावीकडं येऊन उभे राहिले. पद्मजा सरकून स्टिअरिंगमागं बसली. तिनं गाडीला सांगितलं, मुख्य चालक बदल.

“आधीच्या हाताची सर्व माहिती पुसली जाईल,” आवाज म्हणाला. “पुसू का?”

“पूस की बाई,” शेजारी बसत आण्णा म्हणाले. “आमचं आमाला कळलं.”

पद्मजानं गाडी काढली. आण्णांनी एका हातानं दारावरची मूठ घट्ट धरली होती, आणि अंकलीचा पूल येईपर्यंत त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.